मान, मोल आणि परवाना : महाराष्ट्रातील खाजगी वाहनाच्या इतिहासाची एक बाजू

१. विषयाची मांडणी

दळणवळणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा रस्ते, घाट, लोहमार्ग आणि मालाची ने-आण यांच्याकडे जाते. हे स्वाभाविक आहे. लमाणांचे तांडे, घाटावरील जकाती, रेल्वेने बदललेले बाजारभाव यांची नोंद सरकारी दप्तरांत भरपूर सापडते. परंतु माणूस स्वतः कोणत्या वाहनातून प्रवास करीत होता, ते वाहन कोणाच्या मालकीचे होते आणि त्यात बसण्यास तो कोणत्या आधारावर पात्र ठरत होता, हा प्रश्न सहसा स्वतंत्रपणे विचारला जात नाही. खाजगी वाहन ही केवळ सोयीची वस्तू आहे, असे गृहीत धरल्यामुळे ही उपेक्षा झाली असावी.

वस्तुतः महाराष्ट्रात खाजगी वाहन दीर्घकाळपर्यंत सोयीची वस्तू नव्हतेच. ते प्रथम राजदरबारातून मिळणारा मान होते. पुढे एकोणिसाव्या शतकात ते पैशाने विकत घेता येणारी चीज झाले, आणि स्वातंत्र्योत्तर काळात काही दशके ते शासनाच्या परवान्यावर अवलंबून राहिले. मान, मोल आणि परवाना ही तीन तत्त्वे एकामागून एक आली. तथापि नव्या तत्त्वाने जुन्याचा संपूर्ण लोप कधीच केला नाही. प्रस्तुत लेखात या तिन्ही अवस्थांचा क्रमाने विचार करावयाचा असून, पैसा हे सर्वांना खुले असलेले साधन आहे ही समजूत ज्या ठिकाणी प्रत्यक्षात खोटी ठरली, त्या प्रसंगांकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे.

२. पालखीचा मान

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस असलेल्या प्रदेशात चाकाच्या गाडीला मुळातच मर्यादा होत्या. देशावरच्या सपाट मुलखात शेतीच्या व ओझ्याच्या गाड्या चालत. पण घाट उतरून कोकणात जावयाचे तर चाक निरुपयोगी ठरे. माल बैलांच्या पाठीवरून जाई आणि माणसे पायी, तट्टावर किंवा भोयांच्या खांद्यावरून जात. यांपैकी पायी जाणारांची संख्या अर्थातच सर्वांत मोठी होती. १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासास निघालेले वरसईचे विष्णुभट गोडसे हे या बहुसंख्य प्रवाशांचे प्रतिनिधी म्हणता येतील. दक्षिणेच्या आशेने निघालेल्या या गरीब भिक्षुकाच्या प्रवासाचा फार मोठा भाग पायीच झाला, आणि परततानाही गंगाजलाची कावड त्यांनी सोबत आणली.

पालखी ही याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट. मराठी राज्यात पालखीत बसून हिंडणे हा द्रव्यबळाचा प्रश्न नव्हता. पालखी, अबदागीर, छत्री, चौघडा हे मानमरातब सरकारातून दिले जात आणि ते दिल्याची नोंद होत असे. पालखीचा मान बहाल करताना तिच्या खर्चाची नेमणूकही लावून देण्याची पद्धत होती. याचे कारण उघड आहे. पालखी एकदा घेतली म्हणजे भागत नसे. ती उचलण्यास भोई, त्यांना वाटेत खांदा देण्यास बदलीचे भोई, रात्री पुढे चालण्यास मशालजी, बाजूस अबदागिऱ्या असा सारा लवाजमा कायम पोसावा लागे. म्हणजेच पालखी हे एक वाहन नसून एक लहानसे खाते होते. ज्याला सरकारने ते दिले, त्याचा दर्जा रस्त्यावरील कोणाही अनोळखी माणसास दुरूनच कळे. एखाद्या सावकाराजवळ दहा पालख्यांचे पैसे असले, तरी तेवढ्याने तो पालखीत बसण्यास मोकळा होत नसे.

मेणा आणि डोली यांचे स्थान निराळे होते. पडदे सोडलेला मेणा हे प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांचे वाहन. त्यात मान होता तसा बंदोबस्तही होता. आत बसलेली स्त्री प्रवास करी, पण तिला रस्ता दिसत नसे आणि रस्त्यास ती दिसत नसे. डोली ही आजारी, वृद्ध व यात्रेकरूंसाठी असे व तिला दरबारी अर्थ नव्हता.

या व्यवस्थेत भोई समाजाचे स्थान लक्षात घेणे आवश्यक आहे. मासेमारी आणि पालखी वाहणे हे दोन्ही व्यवसाय या समाजाकडे परंपरेने होते. पालखीची चाल संथ व एकसारखी राहावी यासाठी खांद्यांची उंची, पावलांची लय आणि वाटेतील खाचखळग्यांच्या परस्परांस दिलेल्या सूचना यांचे एक संपूर्ण कसब त्यांनी जोपासले होते. पालखीचा मान ज्याला मिळे त्याचे नाव कागदोपत्री राहिले. ज्यांच्या खांद्यावर तो मान चाले त्यांची नावे क्वचितच राहिली.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर हा मान एकाएकी नाहीसा झाला नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार दक्षिणेतील सरदारांची वर्गवारी करून त्यांचे काही मानमरातब पुढे चालू ठेवण्यात आले. परंतु ज्या सत्तेने मान द्यावयाचा ती सत्ताच परकी झाल्यामुळे पालखीचा जुना अर्थ हळूहळू क्षीण होत गेला. याच सुमारास तिच्यासमोर दुसरा प्रतिस्पर्धी उभा राहिला. तो म्हणजे चाक.

३. बोरघाट आणि चाकाचे आगमन

महाराष्ट्रातील खाजगी वाहनाच्या इतिहासात १८३० हे वर्ष महत्त्वाचे मानले पाहिजे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत बोरघाटाचा चाकाच्या गाड्यांना योग्य असा रस्ता याच वर्षी खुला झाला. तोपर्यंत मुंबईहून पुण्यास जाणारा प्रतिष्ठित प्रवासी पनवेलपर्यंत जलमार्गाने येई व पुढे पालखीने किंवा घोड्यावरून घाट चढे. खोपोलीस नाना फडणिसांनी बांधलेला तलाव ही त्या जुन्या वाटेवरील वर्दळीची खूण होय. नव्या रस्त्याने घोडागाडी प्रथमच कोकणातून देशावर थेट चढू लागली. या रस्त्यावर टोलही बसविण्यात आला. टोल देणाऱ्याची जात, घराणे वा दरबारातील स्थान विचारण्याचे टोलनाक्यास कारण नव्हते. गाडी कोणती आणि जनावरे किती, एवढेच त्याला पाहावयाचे होते. मानाच्या जागी मोल आले, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

मुंबई बेटात ही क्रिया अगोदरच सुरू झाली होती. तेथील शेटसावकार, दलाल व कंपनीचे नोकर यांच्यापाशी पालख्यांबरोबरच गाड्याही आल्या. बैलांचा रेकला, शिग्राम, बग्गी, फेटण आणि पुढे व्हिक्टोरिया अशी गाड्यांची एक उतरंडच तयार झाली. १८४५ मध्ये माहीम व वांद्रे यांना जोडणारा बांध झाला. त्यासाठी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी मोठी देणगी दिली होती. १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले, तेव्हा गाड्याघोड्यांची वर्दळ हा मुंबईच्या ओळखीचाच भाग होऊन बसला होता.

मुंबईबाहेरही प्रदेशपरत्वे निरनिराळी वाहने रूढ झाली. वऱ्हाडात रेंगी, खानदेशाकडे दमणी, देशावर छकडा व सारवट गाडी, तालुक्याच्या गावी टांगा. सुखवस्तू शेतकऱ्याची झडप घातलेली दमणी आणि तिला जुंपलेली निवडक खोंडांची जोडी हा त्याच्या संसाराचा दर्शनी भाग असे. लेकीला सासरी पोचविणे, यात्रेस जाणे, कोर्टकचेरीच्या कामासाठी तालुक्यास जाणे यांसाठी ती वापरली जाई. यंत्रयुगाच्या खाजगी वाहनाची जी कामे आज सांगता येतील, ती बहुतेक सर्व या गाडीने त्यापूर्वीच पत्करली होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली. रेल्वेमुळे खाजगी वाहने मागे पडली असे सामान्यतः समजले जाते. दूरच्या प्रवासापुरते ते खरे आहे. परंतु रेल्वेने प्रत्येक स्टेशनाभोवती आठ-दहा कोसांच्या प्रवासाची नवी गरज निर्माण केली. स्टेशन ते गाव हे अंतर कापण्यासाठी टांगे व बैलगाड्या वाढल्या. ज्यांच्यापाशी स्वतःचे वाहन नव्हते त्यांना भाड्याची गाडी मिळू लागली. घोडा, त्याची चंदी, मोतद्दार, तबेला व कोचमन हा खर्च ज्यांना झेपत नव्हता, त्यांना तेवढ्या वेळेपुरते वाहन विकत घेता येऊ लागले. पैसे टाकले की गाडी मिळते, हा व्यवहार आता सर्वत्र रूढ झाला, असे वरवर पाहता दिसते.

४. मोलाची मर्यादा

ही समजूत कोठे खोटी ठरते, हे दाखविणारे दोन प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आत्मकथनपर इंग्रजी टिपणांत नोंदविले आहेत. सामाजिक इतिहासात त्यांची चर्चा अस्पृश्यतेच्या संदर्भात नेहमी होते. वाहनाच्या इतिहासातही त्यांचे महत्त्व तितकेच आहे.

पहिला प्रसंग १९०१ मधील. वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी लहानगा भीमराव आपला भाऊ व बहिणीची मुले यांच्यासह मसूर स्टेशनावर उतरला. मुले चांगल्या कपड्यांत होती, त्यांच्याजवळ भाड्याचे पैसे होते आणि स्टेशनाबाहेर बैलगाड्याही उभ्या होत्या. म्हणजे मोलाच्या तत्त्वानुसार व्यवहार पूर्ण होण्यास काहीच उणे नव्हते. परंतु मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेरीस स्टेशनमास्तरांच्या मध्यस्थीने तोड निघाली ती अशी : मुलांनी दुप्पट भाडे द्यावे, गाडी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बरोबर पायी चालावे.

या तोडग्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. गाडीवानाने पैसे नाकारले नाहीत. त्याने ते दुप्पट घेतले. त्याने नाकारले ते गाडीवर बसून त्या मुलांचा सारथी होणे. गाडी विकली गेली, सेवा विकली गेली नाही. मोल आणि मान ही दोन तत्त्वे एकाच बैलगाडीवर समोरासमोर आली तेव्हा मोलाला मार्ग मिळाला, पण मान अबाधित राहिला. त्याची किंमत मुलांनी दोन प्रकारे मोजली : एकदा पैशाने आणि एकदा न येणारे काम अंगावर घेऊन.

दुसरा प्रसंग १९२९ मधील, चाळीसगावचा. आता तो मुलगा बॅरिस्टर झाला होता आणि अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचा सभासद म्हणून दौऱ्यावर होता. स्टेशनावरून महारवाड्यात जाण्यासाठी टांगा ठरविताना पुन्हा तेच घडले. टांगेवाल्याने टांगा दिला, पण हाकण्यास नकार दिला. तेव्हा टांगा हाकण्याची सवय नसलेल्या वस्तीतील एका माणसाने लगाम हाती घेतले. वाटेत मोरीवर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले व त्यांचा पाय मोडला. घोडा व टांगा खाली नदीपात्रात पडले. बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्यापेक्षाही आपण श्रेष्ठ आहोत, अशी साध्या टांगेवाल्याची धारणा असते, असा निष्कर्ष त्यांनी या प्रसंगातून काढला आहे.

या दोन प्रसंगांच्या दरम्यान अठ्ठावीस वर्षे लोटली होती. या काळात मोटार आली, कायदे झाले, शिक्षण वाढले. प्रवाशाचा दर्जा पालटला, त्याची पात्रता व त्याचे शासकीय स्थान पालटले. रस्त्यावरील व्यवहार मात्र बदलला नाही. पालखीचा मान देणारी सत्ता लयास गेल्यावरही, कोणी कोणाला वाहून न्यावे याविषयीचा जुना निवाडा गाडीवानाच्या मनात तसाच चालू होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील माणसांना कोचमन व माहूत म्हणून नेमले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. वाहनावर कोण बसतो याइतकेच वाहन कोण हाकतो हेही सामाजिक दर्जाचे माप आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

५. मोटार आणि सायकल

मुंबईत मोटारगाड्या १८९८ च्या सुमारास आल्या. जमशेटजी टाटा हे मोटार बाळगणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक होत. मोटारीने तबेला व चंदी यांचा खर्च काढून टाकला. पण शोफर, पेट्रोल व परदेशी सुटे भाग यांचा खर्च आणला. त्यामुळे संस्थानिक, व्यापारी, बडे वकील व डॉक्टर यांच्यापलीकडे ती दीर्घकाळ गेली नाही. १९१४ मध्ये मोटार वाहनांसंबंधीचा अखिल भारतीय कायदा झाला व १९३९ मध्ये त्याची जागा अधिक विस्तृत कायद्याने घेतली. त्यातील त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीबाबत सक्तीचा विमा असावा ही तरतूद १९४६ मध्ये अमलात आली. खाजगी वाहनाचा धोका वाहन नसलेल्या पादचाऱ्यासही पोचतो, ही गोष्ट कायद्याने येथे प्रथमच आर्थिक जबाबदारी म्हणून मान्य केली.

रस्त्यांच्या खर्चाचा प्रश्नही याच काळात उभा राहिला. १९२७ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने रस्ते हा केवळ स्थानिक संस्थांचा विषय नसून त्यांच्या विकासासाठी पेट्रोलवरील जादा करातून निधी उभारावा, अशी शिफारस केली. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी अस्तित्वात आला. जयकर हे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्याचा खर्च सोसावा, हे बोरघाटच्या टोलमागील तत्त्व येथे देशव्यापी झाले.

तथापि सामान्य माणसाच्या दृष्टीने खरी क्रांती मोटारीने नव्हे तर सायकलीने केली. पालखीस भोई लागत, बग्गीस घोडा व कोचमन, मोटारीस शोफर. सायकल हे दुसऱ्या कोणाच्याही श्रमाची अपेक्षा न ठेवणारे पहिले खाजगी वाहन होय. मसूर आणि चाळीसगाव येथे जो प्रश्न उद्भवला, तो सायकलीच्या बाबतीत उद्भवूच शकत नव्हता. कारण बसणारा आणि हाकणारा एकच होता. या दृष्टीने सायकलीचे सामाजिक महत्त्व तिच्या किमतीच्या मानाने कितीतरी मोठे आहे.

पुण्यास सायकलींचे शहर अशी जी ख्याती लाभली तिला कारणे होती. पेठांचे परस्परांतील अंतर माफक, विद्यार्थ्यांची व कारकूनवर्गाची संख्या मोठी, आणि पुढे खडकी-पिंपरीकडील कारखाने. ज्यांना सायकल घेणे परवडत नसे त्यांना ती तासाच्या भाड्याने मिळे. नगरपालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा आणि ‘डबलसीट’वरील बंदी यांमुळे या साध्या वाहनाचाही शासनाशी नित्याचा संबंध आला. विद्यार्थिनी व नोकरी करणाऱ्या स्त्रिया सायकलीवर दिसू लागल्या, तेव्हा मेण्याच्या पडद्यापासून झालेला प्रवास किती दूरचा होता, हे वेगळे सांगावयास नको.

६. परवान्याचे युग

स्वातंत्र्यानंतर खाजगी वाहनाच्या इतिहासात एक चमत्कारिक वळण आले. वाहने देशातच तयार होऊ लागली, आणि त्याच वेळी ती मिळणे दुरापास्त झाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनुसार, प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या व केवळ सुटे भाग जुळविणाऱ्या कंपन्यांना बाहेर पडावे लागले. स्कूटरींच्या बाबतीत बजाज कंपनीस १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला व आकुर्डीस व्हेस्पा स्कूटरी तयार होऊ लागल्या. इटालियन कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. राणा प्रतापाच्या घोड्याचे हे नाव यंत्राला द्यावे, यातच जुन्या वाहनाच्या प्रतिष्ठेचा वारसा दिसून येतो.

किती स्कूटरी तयार करावयाच्या हे परवान्यात ठरलेले, आणि १९६० च्या नियंत्रण आदेशानुसार त्यांचे वाटपही शासनाच्या देखरेखीखाली. मागणी अफाट, उत्पादन मर्यादित. परिणामी अनामत भरून नाव नोंदवावयाचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, हा मध्यमवर्गीय कुटुंबांचा अनुभव झाला. शासकीय नोकरांसाठी काही वाटा राखून ठेवलेला असे. परकीय चलनात किंमत भरणाऱ्यास स्कूटर लवकर मिळे. नोंदणी झालेला क्रमांक अधिक किंमतीस हस्तांतरित होई, आणि विवाहाच्या बोलण्यांत स्कूटरीची मागणी हुंड्याचा भाग म्हणून येऊ लागली.

पैसा हाती असूनही वाहन मिळत नाही, ते मिळण्यासाठी सत्तेची अनुकूलता लागते, हे चित्र पेशवाईतील सावकाराच्या चित्राशी बरेच जुळते. परंतु हे साम्य मर्यादेपलीकडे ताणणे योग्य होणार नाही. पालखी कुळ, पराक्रम आणि दरबारी सेवा पाहून दिली जात असे. स्कूटरीची प्रतीक्षायादी, तिच्यात वशिल्याला कितीही वाव असला तरी, तत्त्वतः नोंदणीच्या क्रमावर आधारलेली होती. जुन्या मानात विषमता हा हेतू होता. नव्या परवान्यात तो टंचाईचा परिणाम होता. इतिहासाच्या दृष्टीने हा भेद गौण नव्हे.

१९७२ मध्ये आलेली पुण्याची ‘लुना’ आणि १९८४ मधील गिअर नसलेली कायनेटिक होंडा यांनी स्त्रियांना यांत्रिक वाहन सुलभ केले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. १९८५ नंतर परवान्यांची बंधने सैल झाली, १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक परवाने रद्द केले आणि १९९३ मध्ये मोटारगाड्यांचे उत्पादनही परवान्यातून मुक्त झाले. मोलाचे राज्य पुन्हा आले, आणि या वेळी कर्जाच्या हप्त्यांनी त्याची कक्षा पूर्वीपेक्षा कितीतरी विस्तारली. सायकलींचे पुणे याच काळात दुचाकींचे पुणे झाले.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वाहनाची मालकी आणि वाहनाचा अधिकार या भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत केल्यास वाहतुकीचा सामाजिक इतिहास अपुरा राहतो. दुसरी, पैशाच्या व्यवहाराने दर्जाची बंधने आपोआप गळून पडतात हे गृहीत मसूर व चाळीसगाव येथील पुराव्यापुढे टिकत नाही. तिसरी, ज्या वाहनाला दुसऱ्याच्या श्रमाची गरज नव्हती, त्या सायकलीने ही बंधने जितक्या निश्चितपणे ओलांडली तितकी अधिक वेगवान व अधिक मूल्यवान वाहनांनीही ओलांडली नाहीत.

पालखीचे आजचे स्थान या संदर्भात उल्लेखनीय आहे. माणसांच्या नित्य प्रवासातून ती गेली, पण संतांच्या पादुकांसाठी ती राहिली. आणि आषाढीस तिच्याबरोबर जाणारे लक्षावधी वारकरी पायीच चालतात. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या जनावरांच्या हालअपेष्टांच्या कारणावरून बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. वाहून नेणाऱ्याचे कष्ट हा कायद्याचा विषय होण्यास एवढा काळ लागला, आणि तोही प्रथम घोड्याच्या बाबतीत.

बोरघाटही अजून या इतिहासाबाहेर गेलेला नाही. १८३० मध्ये चाक असलेल्या कोणत्याही गाडीस खुला झालेल्या याच घाटातून २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर बैलगाडी, सायकल, स्कूटर व पादचारी यांना मज्जाव आहे. यामागील सुरक्षिततेचे कारण रास्त आहे. तरीही जुना प्रश्न उरतोच : कोणता रस्ता कोणाच्या वाहनासाठी, आणि हे कोणी ठरवावे? मान, मोल व परवाना या तीन शब्दांत त्याची तीन उत्तरे महाराष्ट्राने आजवर दिली आहेत. चौथे उत्तर कोणते असेल, हे पायी चालणाऱ्यांचा विचार त्यात कितपत होतो यावर अवलंबून राहील.